दानाचं पान, कमाईचं पान



आजच्या वाचनात तुकोबांचा धनाविषयीचा तो प्रसिद्ध अभंग आला. आपण त्यातला उदारपणा पटकन उचलतो. पण तुकोबा आधी कमाईचं बोलतात, खर्चाचं नंतर.

वाचताना डेव्हिड ससून आठवले. जन्म 1792, बगदादच्या ज्यू घराण्यात. तिथल्या सुभेदाराच्या जाचानं शहर सुटलं, आणि 1832 च्या सुमारास ते मुंबईत आले. पेढी उभी केली. शब्बाथ कसोशीनं पाळला. भायखळ्याचं सिनेगॉग बांधलं, पुण्याच्या ससून हॉस्पिटलला मोठी देणगी दिली. 1864 मध्ये पुण्यातच वारले. कबर लाल देवळाच्या आवारात आहे.

माझ्या मावशीचं ऑपरेशन ससूनमध्येच झालं. आज ती चालती-फिरती आहे. म्हणून पुढचं लिहिताना हात अडतो.

त्यांच्या पेढीच्या व्यापारात अफूही होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. इंग्रजी राज्यात ते कायदेशीर होतं. पण व्यसनानं मोडलेल्या तिकडच्या घराला कायद्याचं काय?

मग दानानं ते फिटतं का?

हिब्रूत दानाला 'त्सेदाका' म्हणतात. हा शब्द न्यायाच्या अर्थाच्या धातूतून आलाय. म्हणजे देणं हा उपकार नाही, ते आपण देणं लागतो. मला हे फार पटतं. पण न्याय म्हटला की ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारी जायला हवं. मावशीनं आभार मानावेत, मनापासून मानावेत. त्या चिनी घराच्या वतीनं माफी मात्र तिला देता येत नाही.

तुकोबाही दुकानदारच. घरात सावकारी होती. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. म्हणजे ज्यांच्याकडून येणं होतं, त्यांनाच मोकळं केलं.

ससूनना दोष देणं सोपं आहे. मी राजूरचा, कोळशाच्या गावचा. आमच्या घरचा पगार कोळशाचा, आणि तुमच्या मोबाईलचं चार्जिंगही बहुतेक कोळशाचंच. एकादशीला क्यूआर कोड स्कॅन करून देणगी दिली की मन हलकं होतं. तो हलकेपणा जरा तपासू या.

आजचा संकल्प: दान थांबवायचं नाही. पण वहीत दोन पानं ठेवायची. दिलं किती, आणि आलं कुठून. एक पान दुसऱ्यावर चिकटवायचं नाही. पांडुरंग दोन्ही वाचतो.

राम कृष्ण हरी.