दूरचा आवाज, अगदी कानाशी

1927 साली एचएमव्ही कंपनीची ध्वनिमुद्रणाची फिरती गाडी लंडनच्या टेंपल चर्चपाशी येऊन थांबली. आत मेंडेल्सनची एक प्रार्थनारचना गायली जाणार होती. मुख्य आवाज पंधरा वर्षांच्या अर्नेस्ट लफ या मुलाचा होता, तर ऑर्गनची आणि वृंदाची सूत्रे जॉर्ज थॅल्बेन-बॉल यांच्याकडे होती. विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. ती तबकडी इतकी खपली की साचा झिजून गेला आणि पुढच्याच वर्षी तीच रचना पुन्हा मुद्रित करावी लागली; कालांतराने विक्रीचा आकडा दहा लाखांपलीकडे गेला. लहान मुलांच्या चर्चवृंदाने धार्मिक संगीताला आजच्या काळाचा साज चढवला की ‘हे काहीतरी नवेच फॅड’ असे म्हणणाऱ्यांनी ही तबकडी आठवावी. मुलाचा आवाज, देवळातले गाणे आणि त्या क्षणाचे सर्वांत आधुनिक यंत्र या तिन्हींची सांगड तेव्हाच बसली होती. त्या तबकडीचे ग्राहक आपापल्या दिवाणखान्यात बसून ती ऐकत होते आणि त्यांतले कितीतरी लोक एरवी चर्चची पायरीही चढत नसणार.

या आवाजाची मोहिनी कशात आहे, असे विचारले की ठरावीक उत्तर मिळते: निरागसता, पावित्र्य, देवदूतांचा स्वर. हे उत्तर मला पटत नाही. पावित्र्य हा कानाला ऐकू येणारा गुण नव्हे. तो ऐकणाऱ्याने आवाजावर पांघरलेला असतो. इंग्लंडमध्ये संशोधक डेव्हिड हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथीड्रलमधल्या मुलांची आणि मुलींची मुद्रणे श्रोत्यांना ऐकवून, कोण गाते आहे ते ओळखायला सांगितले होते. आवाजांना सारखेच शिक्षण मिळालेले असले, तर श्रोत्यांचे उत्तर नाणेफेकीपेक्षा फारसे सरस ठरले नाही. म्हणजे ज्याला आपण खास ‘मुलग्याचा निर्मळ स्वर’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग मुखपृष्ठावरचा पांढरा झगा पाहून ऐकू येतो. लाइपझिगच्या सेंट थॉमस वृंदावर 2017 साली प्रसिद्ध झालेले संशोधन तर गमतीचेच आहे. श्रोत्यांत मुली बसलेल्या असल्या की खर्जात गाणाऱ्या थोरल्या मुलांच्या आवाजातली चकाकी वाढते, असे त्यात मोजून दिसले. बाख जिथे संगीतशिक्षक होता, त्या वृंदातले देवदूतही चारचौघांसारखेच वयात येतात, हे कळून बरे वाटते.

पावित्र्य नाही, तर मग काय? माझ्या मते या ध्वनिमुद्रिकांचे खरे आकर्षण दूरत्वात आहे. हा आवाज कानाशी असूनही लांबून आल्यासारखा वाटतो, आणि हे लांबपण एकाच प्रकारचे नसते. एक अंतर जागेचे. उंच दगडी छताखाली गायलेला स्वर गाणाऱ्याचे तोंड मिटल्यावरही काही सेकंद हवेत रेंगाळतो, आणि पुढचा स्वर त्याच्यात मिसळतो. दुसरे अंतर भाषेचे. लॅटिन शब्दांचा अर्थ बहुतेकांना लागत नाही, त्यामुळे श्रद्धेचा मजकूर बाजूला राहतो आणि श्रद्धेचा सूर तेवढा पोचतो. तिसरे अंतर वयाचे. प्रौढ माणूस कितीही रियाज करो, त्या आवाजात त्याला परतता येत नाही. आणि चौथे, मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे, अंतर व्यक्तीचे. प्रेमगीत गाणारा गायक ‘मी’ म्हणून आपल्यासमोर येतो. त्याचे प्रेम, त्याची व्यथा आपण ऐकतो. इथे व्हायब्रेटो जवळजवळ नसलेला, कोणाचीच कहाणी न सांगणारा स्वर येतो. कोणीतरी आपल्याकडे काही मागते आहे असे त्या गाण्यात वाटत नाही, आणि दिवसभर सगळ्यांनी काहीतरी मागितलेल्या माणसाला त्याची फार ओढ वाटते.

हे दूरत्व निसर्गदत्त नाही, ते घडवावे लागते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदाने डेव्हिड विल्कॉक्स यांच्या हाताखाली 1963 मध्ये मुद्रित केलेले आलेग्री या संगीतकाराचे ‘मिझेरेरे’ हे याचे उत्तम उदाहरण. रॉय गुडमन या मुलाने त्यात घेतलेला तो प्रसिद्ध उंच स्वर ऐकून लोक सतराव्या शतकातल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये पोचतात. प्रत्यक्षात आलेग्रीने तो तसा लिहिलेलाच नव्हता. आज सर्वत्र गायली जाणारी प्रत नंतरच्या संपादकांच्या हातून, काही चुका आणि काही जोडकाम होऊन, तयार झालेली आहे. प्राचीनतेचा शिक्का ज्यावर सर्वांत ठळक उमटला, तो क्षणच अर्वाचीन निघाला! त्यात भर किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधल्या घुमाऱ्याची आणि मायक्रोफोन कुठे ठेवायचा हे जाणणाऱ्या तंत्रज्ञांची. तेव्हा ‘शुद्ध परंपरा’ एका बाजूला आणि ‘आधुनिक मिश्रण’ दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी मुळातच टिकत नाही.

हे लक्षात घेतले की ‘लिबेरा’ या दक्षिण लंडनच्या वृंदाचे काम नीट समजते. नॉरबरी भागातल्या सेंट फिलिप चर्चच्या वृंदातून रॉबर्ट प्राइझमन यांनी तो उभा केला. त्याच नावाचा पहिला अल्बम 1999 चा, आणि 2021 मध्ये प्राइझमन वारले तरी वृंद चालू आहे. पाखेलबेलच्या सुप्रसिद्ध कॅननवर ‘सांक्टुस’चे लॅटिन शब्द बसवायचे, खाली सिंथेसायझरचा लांबलचक आधारस्वर धरायचा, वर मुलांच्या आवाजांचे थर रचायचे, आणि 2008 च्या ‘न्यू डॉन’ या अल्बममध्ये स्तोत्रांच्या शेजारी एन्याचे पॉप गीतही घ्यायचे, अशी त्यांची रीत. टीकाकारांना सिंथेसायझर म्हणजे देवघरात लावलेली निऑनची पट्टी वाटते. पण तो तिथे काय करतो, हे ऐकले पाहिजे. छोट्या, कोरड्या खोलीत मुलाचा आवाज बारीक आणि उघडा पडतो. कथीड्रलमध्ये त्याला सावरून धरणारी असते ती वास्तू. मागचा स्वर पुढच्या स्वराखाली अंथरण्याचे काम दगड करतो. हेडफोन लावून लोकलमध्ये बसलेल्या श्रोत्यापाशी दगड नाही, तेव्हा ते काम वाद्यमेळ करतो. म्हणजे इथे आधुनिक साज धार्मिक गाण्यावर वरून चढवलेला नाही. त्याने इमारतीची जागा घेतली आहे. टेंपल चर्चचीच गोष्ट घ्या. मे 1941 च्या बाँबवर्षावात ते आतून जळाले, ऑर्गन नष्ट झाला. पुढे चर्च पुन्हा बांधले गेले, पण लफच्या मुद्रणात ऐकू येणारी नेमकी ती वास्तू आता फक्त त्या तबकडीत आहे. इमारत ध्वनिमुद्रणात शिरू शकते, तर ध्वनिमुद्रणाने स्वतःची इमारत बांधली म्हणून बिघडले कुठे?

यावर गंभीर आक्षेप असा की पवित्र संगीत विधीपासून तोडले की ते पवित्र राहत नाही. उरते ती मनःशांतीची गोळी. या आक्षेपात तथ्य आहे, पण तोडण्याचे पाप आधुनिक साजाच्या माथी मारता येत नाही. ते रेडिओने आणि तबकडीने आधीच केले होते. किंग्ज कॉलेजची नाताळच्या आदल्या संध्याकाळची उपासना 1928 पासून बीबीसीवर ऐकवली जाऊ लागली, तेव्हाच ती स्वयंपाकघरात पोचली. शिवाय चर्चचे गाणे चर्चच्या भिंतींत कधीच पुरते मावले नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात पॅरिश शाळांमधून मुलांना उपासनेसाठी गायन, नोटेशन आणि व्हायोलिन शिकवले गेले. त्याच शिक्षणावर पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा राहिला. माजोर्डा गावच्या चर्चमधल्या वृंदशिक्षकाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस याने 1958 मध्ये मुंबईत राग आणि सिंफनी यांचा मेळ घालणारा वाद्यवृंद काढला. ज्यांनी उपासनेसाठी शिकवले, त्यांच्या मनात हे नव्हते. पण विधीबाहेर पडलेले शिक्षण वाया गेले, असे कोण म्हणेल? आणि श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर, ज्याची श्रद्धा नाही किंवा वेगळी आहे, त्याला नतमस्तक होण्याचा अनुभव कसलीही अट न घालता घेता येतो. हे थोडे नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो: हे सगळे फार गोड आहे. सलग तासभर ऐकले की एकच साखरी धुके पसरते. लिबेराच्या बाबतीत हे मला अनेकदा खरे वाटते. मात्र टीकाकार त्यातून जो निष्कर्ष काढतात तो उलटा आहे. दोष आधुनिकता जास्त झाल्याचा नाही, ती कमी पडल्याचा आहे. आजचा काळ त्या संगीतात येतो तो केवळ गालिचा होऊन. त्याची भीती, त्याचा गोंगाट दाराबाहेरच राहतो. वर्तमान खरोखर आत आले तर काय होते, हे लेनर्ड बर्नस्टाइनच्या ‘चिचेस्टर साम्स’मध्ये ऐकावे. चिचेस्टर कथीड्रलचे डीन वॉल्टर हसी यांनी ही रचना मागवली ती ‘वेस्ट साइड स्टोरी’ची छटा आली तर आवडेलच, असे कळवून! 1965 च्या त्या कृतीत मुलगा 23वे स्तोत्र हिब्रूमध्ये एकट्याने गात असतो, आणि मध्येच पुरुषांचे आवाज दुसऱ्या स्तोत्रातल्या राष्ट्रांच्या खवळण्याचे शब्द घेऊन त्यावर तुटून पडतात. मुलाचे गाणे परत येते, पण तो कल्लोळ खाली धुमसतच राहतो. त्याआधी 1962 मध्ये बेंजामिन ब्रिटनने ‘वॉर रिक्विएम’ रचले, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीत बांधलेल्या नव्या कथीड्रलसाठी. त्यात मुलांचा वृंद मुद्दाम लांब ठेवलेला आहे. त्यांच्या वाट्याला लॅटिन आणि ऑर्गन, तर पुढे उभ्या गायकांच्या वाट्याला पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओवेनच्या इंग्रजी कविता. ओवेनच्या अब्राहामाने देवदूताचे न ऐकता मुलाला मारल्यावर दुरून मुलांचे निर्विकार लॅटिन सूर येतात, तेव्हा अंगावर काटा येतो. तेच दूरत्व इथे दिलासा द्यायचे नाकारते. आणि ही रचना लोकांना झेपली नाही असे मुळीच झाले नाही. डेक्काने 1963 मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रणाच्या दोन लाख प्रती पाच महिन्यांत संपल्या. लोकांना गोडच हवे असते, हा रेकॉर्ड कंपन्यांचा सोयीचा समज आहे.

राहता राहिला प्रश्न मुलांचा. हा आवाज टिकत नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हा रसास्वादाचाच भाग आहे. ‘द स्नोमॅन’ या 1982 च्या चित्रपटातले गाणे पीटर ऑटी या मुलाने गायले होते. तीन वर्षांनी एका जाहिरातीसाठी तेच गाणे पुन्हा हवे झाले, तेव्हा त्याचा आवाज फुटला होता. ते काम वेल्सच्या आलेड जोन्सकडे गेले आणि त्याचे ध्वनिमुद्रण ब्रिटिश लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचले. चर्चमध्ये मुले येतात, जातात आणि वृंद राहतो. ध्वनिमुद्रिकेत नेमके उलटे, तो एकच मुलगा कायमचा राहतो, स्वतः त्याला तो आवाज सोडून गेल्यावरही. यात शोषण आहे का? आवाज फुटला की मुलाची किंमत संपते असा व्यवहार जिथे असेल तिथे नक्कीच आहे, आणि चांगल्या वृंदांमध्येही प्रसिद्धीचा झोत एकट्यादुकट्या मुलावर टाकण्याचा मोह असतो. पण लफ मोठा होऊन त्याच टेंपल चर्चच्या वृंदात बॅरिटोन म्हणून गात राहिला. आवाज हरवला म्हणून गाणे हरवलेच पाहिजे असे नाही, फक्त तशी सोय कोणीतरी ठेवावी लागते.

मुलींच्या बाबतीत मात्र या परंपरेकडे सांगण्यासारखे काही नाही. पोप पायस दहाव्याने 1903 मध्ये चर्चच्या वृंदांतून स्त्रियांना वगळले आणि वरच्या पट्टीसाठी मुलगेच घ्या असे फर्मावले. सॉल्झबरी कथीड्रलने मुलींचा स्वतंत्र वृंद काढला तो 1991 मध्ये. कान खात्रीने फरक करू शकत नाही हे दिसल्यावर ‘मुलग्यांचाच स्वर’ हा हट्ट संगीताचा राहत नाही. त्यात व्यावहारिक अडचणही आहे. बाखच्या काळात मुले सोळा-सतराव्या वर्षापर्यंत वरच्या पट्टीत गाऊ शकत. आता तेराच्या आसपास आवाज फुटू लागतो. वृंदशिक्षकाला मुलगा घडवायला जेमतेम चार-पाच वर्षे मिळतात, आणि त्यातल्या शेवटच्या एक-दोन वर्षांतच तो खऱ्या अर्थाने एकट्याने गाण्याजोगा होतो. ‘बॉईज कॉयर’ असा शिक्का विकला जातो तोवर कंपन्या तो छापत राहतील. पण त्या शिक्क्याखाली जे ऐकायला लोक जातात ते द्यायला मुली तयार आहेत, आणि कित्येक कथीड्रलमध्ये त्या आज ते देत आहेत.