युगांची नावे आणि माणसाचे उत्तरदायित्व

पाटण तालुक्यातील वडीलधाऱ्या माणसांना एखाद्या जुन्या घटनेचे साल विचारावे, तर पुष्कळदा आकडा मिळत नाही. 'भूकंपाच्या आधी' किंवा 'भूकंपानंतर' एवढेच उत्तर मिळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि या खोऱ्यातील काळाचे जणू दोन भाग झाले. काळाचे असे खंड पाडून त्यांना नावे देणे हा मनुष्यस्वभावच आहे. त्यावाचून गतकाळ त्याच्या हाती लागत नाही.

इंग्रजी साहित्याच्या इतिहासकारांनीही हेच केले. आपल्या कुटुंबांतील जी मुलेमुली महाविद्यालयात इंग्रजी विषय घेतात, त्यांना कालखंडांची ती माळ पाठ करावी लागते : चॉसरचे युग, प्रबोधनयुग, एलिझाबेथचे युग, प्युरिटन युग, राजसत्तेच्या पुनःस्थापनेचे युग, अठराव्या शतकातील बुद्धिवादी युग, रोमँटिक युग, व्हिक्टोरियन युग आणि अखेर आधुनिक युग. प्रत्येक युगाची 'पार्श्वभूमी' लिहा, असा प्रश्न परीक्षेत हमखास असतो.

ही पार्श्वभूमी जाणून घेणे आवश्यकच आहे. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची निदान एकतृतीयांश प्रजा मृत्युमुखी पडली. मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढली, सरंजामी बंधने सैल होऊ लागली. हे ध्यानात घेतले म्हणजे चॉसरच्या कँटरबरीच्या यात्रेकरूंमध्ये सरदारापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सारे एकत्र का चालतात, ते उमगते. १४७६ मध्ये कॅक्स्टनने छापखाना काढला, म्हणून पुस्तक मठाच्या भिंतीबाहेर दूरवर पोहोचू शकले. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीवाचून तरुण वर्ड्‌स्वर्थची कल्पनाच करता येणार नाही. झाड समजायचे तर माती पाहावी लागते.

परंतु या अभ्यासातून एक विचार नकळत मनात घर करतो. तो असा, की माणूस हा आपल्या युगाचे अपत्य आहे. तो जे लिहितो, जे करतो, ते युगच त्याच्याकडून करवून घेते. वर्गात हा विचार निरुपद्रवी वाटतो. पण तोच आपल्या घराचा उंबरठा ओलांडून आत येतो, तेव्हा त्याची भाषा बदलते. मुलाच्या लग्नात हुंडा घेताना, कचेरीत टेबलाखालून पैसे सरकवताना, शेजाऱ्यावरील अन्याय मुकाट्याने पाहताना आपण म्हणतो, "काय करणार? काळच तसा आला आहे." म्हणून प्रश्न केवळ साहित्याचा उरत नाही. युग माणसाला घडवते हे मान्य केले, तर माणसाकडे उत्तरदायित्व किती उरते?

या प्रश्नाचे उत्तर त्या युगांतच शोधू या. एलिझाबेथ राणीने १५५८ ते १६०३ पर्यंत राज्य केले. इंग्रजी नाटकाचा आणि काव्याचा तो सुवर्णकाळ. त्याच काळात, १५८५ च्या कायद्याने, परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने मायदेशी राहणे हा राजद्रोह ठरला होता. या एकाच पार्श्वभूमीवर तीन माणसे पाहावीत. शेक्सपिअर लंडनमध्ये राहिला आणि रंगभूमीवर मानवी अंतःकरणाचे सारे पदर उलगडून दाखवू लागला. रॉबर्ट साउथवेल हा येशूसंघीय कवी जिवावरचा धोका ओळखून १५८६ मध्ये मायदेशी परतला, १५९२ मध्ये पकडला गेला आणि १५९५ मध्ये टायबर्न येथे फासावर चढला. तिसरा विल्टशर परगण्यातील थॉमस स्टीफन्स. त्याने रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्याला पोहोचला आणि आयुष्याची उरलेली सुमारे चाळीस वर्षे त्याने मुख्यत्वे साष्टीच्या लोकांमध्ये घालवली. त्याने इथली भाषा आत्मसात केली, ओवी आपलीशी केली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्याच वर्षी शेक्सपिअर निवर्तला.

तिघेही एकाच राणीचे प्रजाजन. तिघांवर एकाच युगाची छाया. तरीही एकाने नाटक लिहिले, एकाने प्राण दिले आणि एकाने परक्या भूमीत परक्या भाषेचे दास्य आनंदाने पत्करले. युगाने तिघांसमोर वाटा ठेवल्या, अडथळेही ठेवले. पाऊल मात्र ज्याचे त्याने उचलले.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. ज्या चाफळला समर्थ रामदासांनी राममंदिर उभारले, ते गाव पाटण तालुक्यातच आहे. रामदासांचा जन्म १६०८ चा आणि महाकवी मिल्टनचा जन्मही १६०८ चाच. घड्याळाच्या हिशेबाने दोघे समवयस्क. परंतु एकाला आपण 'प्युरिटन युगा'त बसवतो, तर दुसऱ्याला 'शिवकाला'त. म्हणजे युग ही आकाशातून उतरलेली शक्ती नव्हे. ठिकठिकाणच्या माणसांनी घेतलेल्या निर्णयांची ती गोळाबेरीज आहे, आणि तिला नाव मागाहून देण्यात येते. स्वतः मिल्टनही आपल्या चौकटीत मावत नाही. ज्या प्रजासत्ताकाची त्याने सेवा केली, ते कोसळले. १६६० मध्ये राजा परत आला. मिल्टन तोवर अंध झाला होता. दरबारी थट्टामस्करीचा आणि विलासी नाटकांचा तो काळ. त्याच काळात, १६६७ मध्ये, या पराभूत अंध माणसाने आदम आणि हव्वेच्या पतनाचे महाकाव्य प्रसिद्ध केले. येशूसंघीय कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८८९ मध्ये निवर्तला. त्याचा काव्यसंग्रह निघाला १९१८ मध्ये. त्याला व्हिक्टोरियन म्हणावे की आधुनिक, याचा वाद अभ्यासकांनी खुशाल करावा. वाचकच नसताना तो लिहीत राहिला, हे त्याचे उत्तर त्याचे स्वतःचे होते.

एवढ्यावर थांबलो, तर आपण केवळ आपल्या माणसांचे गुणगान केले असे होईल. न्याय दोन्हीकडे सारखाच हवा. एलिझाबेथच्या आधी कॅथलिक राणी मेरीच्या पाच वर्षांच्या राजवटीत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. ज्या गोव्यात ख्रिस्तपुराण छापले गेले, त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्सच्या मृत्यूला तेव्हा पुरती सत्तर वर्षेही झाली नव्हती. "तो काळच तसा होता" असे म्हणून या गोष्टींवर पडदा टाकण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु साउथवेलच्या मारेकऱ्यांना जी सबब आपण नाकारतो, ती आपल्या लोकांना कशी द्यावी? शिवाय याच भूमीत स्टीफन्स होऊन गेला होता. परक्याच्या भाषेत देवाची थोरवी गाता येते, हे त्या काळातील एकाला कळले होते. मग ते इतरांना कळणे अशक्य होते, असे कसे म्हणता येईल?

ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण येथे मार्ग दाखवते. परिस्थितीमुळे कृत्याचा दोष कमी किंवा अधिक होऊ शकतो, मात्र मुळात वाईट असलेले कृत्य परिस्थितीमुळे चांगले ठरत नाही. ज्याला सत्य कळण्याचा मार्गच नव्हता, त्याचा न्याय देव वेगळ्या मापाने करील. ज्याने कळून डोळे मिटले, त्याचे माप निराळे. म्हणून पूर्वजांचा विचार करताना पार्श्वभूमी जरूर अभ्यासावी. त्यामुळे आपला निवाडा सौम्य होतो, आपली घमेंड उतरते. मात्र स्वतःचा विचार करताना तिचा आधार जपून घ्यावा, कारण दुसऱ्यासाठी जी समजूत असते तीच स्वतःसाठी सबब बनते.

आपणही एका युगात जगत आहोत. त्याचे नाव अजून ठरलेले नाही. ते आपली नातवंडे आणि पतवंडे ठरवतील. त्यांची पुस्तके आपल्या काळाची पार्श्वभूमी देतील : पैशाचा जोर, यंत्रांचा वेग, धर्माधर्मांतील संशय. परंतु त्या पार्श्वभूमीवर आपण कोणत्या बाजूला उभे होतो, हे आज आपल्या घरांत, शेतांवर आणि कचेऱ्यांत ठरत आहे. आपल्या मुलांना इंग्रजी साहित्याची युगे पाठ करू द्या. त्यांच्याकडून उजळणी करून घेताना एवढे मात्र अवश्य विचारा : या युगात वेगळे वागणारे कोणी होते का, आणि त्याची किंमत त्यांनी काय मोजली?