थांबण्याचें अंतर

गाडीचा ब्रेक लागतो कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा आहे. नीतिशास्त्राचा त्याच्याशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. परंतु परीक्षकानें कागदावर ‘ब्रेक उत्तम’ असें लिहिलें कीं तें एक विधान झालें, आणि जेथें विधान आलें तेथें सत्यासत्याचा विचार टाळतां येत नाहीं.

ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी बस ब्रेक लागल्यापासून १२.५ मीटरांत थांबली असें समजा. वेग दुप्पट झाला आणि ब्रेकचा जोर तोच राहिला, तर हें अंतर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे ५० मीटर होतें. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिल्या वेगानेंच गाडी आणखी ११ मीटर पुढें गेलेली असते. रस्ता कोरडा होता कीं आषाढसरींनीं भिजलेला? बस रिकामी होती कीं सकाळीं परळकडे निघालेली, दारापर्यंत भरलेली? ब्रेक थंड होता कीं वारंवार दाबून तापलेला? हें न सांगतां नुसता ‘१२.५ मीटर’ हा आंकडा देणें म्हणजे धर्मराज अश्वत्थाम्याविषयीं बोलला तसें बोलणें होय. शब्द खरा, पण ऐकणारा फसलेला. तीन चाचण्या घेऊन त्यांतील सर्वांत चांगली तेवढीच नोंदविणारा तर त्याहूनहि एक पायरी खालीं उतरतो. (सरासरीच्या आड नापास विद्यार्थी झांकणाऱ्या आम्हां प्राध्यापकांस हें समजावयास जड जाऊं नये.)

योग्यता प्रमाणपत्रापूर्वीं ब्रेक तपासण्यासाठीं परिवहन कार्यालयांना २५० मीटरांचा चाचणीमार्ग हवा, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं धरला. ताडदेवसारख्या दाट वस्तींत एवढी सरळ मोकळी जागा काढणें सोपें नव्हे, हें मान्य. पण जागेअभावीं चाचणी झाली नाहीं असें लिहिणें, आणि जागेअभावीं चाचणीवांचूनच ‘उत्तम’ लिहिणें, या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

कोणी म्हणेल, इतक्या अटी लिहिल्या तर प्रमाणपत्र वाचणार कोण? मालक कदाचित् वाचणार नाहीं. ज्याच्यासाठीं तें लिहावयाचें, तो लालबागच्या नाक्यावर मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणारा मनुष्य तर कधींच वाचीत नाहीं. लिहिणाऱ्यावर विसंबूनच तो पाऊल टाकतो. वेग, भार, रस्त्याची स्थिति आणि चाचण्यांची संख्या, एवढ्या चारच गोष्टी त्या आंकड्याशेजारीं लिहावयाच्या आहेत.