हक्क मागावा की चूक कबूल करावी?

मंडळीतील एखाद्या घरचा कोवळा मुलगा मित्रांबरोबर दारू पिताना पोलिसांना सापडला, तर आईबापांनी काय करावे? दोन उत्तरे आपल्याकडे तयारच असतात. एक म्हणते, कोणाचा तरी वशिला लावून प्रकरण तेथल्या तेथे मिटवावे. दुसरे म्हणते, चूक केली आहे ना, मग पोलीस सांगतील तेथे सही करावी आणि मिळेल ती शिक्षा भोगावी. पहिले उत्तर लबाडीचे आहे हे सर्वांस कळते. दुसरे मात्र धार्मिक वाटते, म्हणून त्याचा विचार अधिक काळजीने करावयास हवा.

आमच्या बेळगाव-निपाणी भागात हा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. कर्नाटकात 1967 च्या परवाना नियमांप्रमाणे 21 वर्षांखालील व्यक्तीस दारू विकता येत नाही. ही मर्यादा 18 वर आणण्याचा मसुदा जानेवारी 2023 मध्ये निघाला होता, पण तो मागे घेण्यात आला. निपाणीहून कागलास गेले की महाराष्ट्राचा कायदा लागतो. तेथे पिण्यासाठी परवाना लागतो, आणि वयाची अट बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी 21 व इतर मद्यासाठी 25 आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की 18 वर्षे पुरतात. तेव्हा तरुण विचारतात, "घाटाखाली जे चालते ते घाटावर वाईट कसे?" आमचे उत्तर असे की, वयाची रेघ माणसांनी आखली आहे व ती राज्यागणिक बदलते; परंतु व्यसनाने होणारी हानी कणकुंबीच्या नाक्यावर थांबून राहत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मुलगा 18 वर्षांखालील असेल, तर त्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याचे संरक्षण आहे. त्याला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यातील बालकल्याण अधिकाऱ्याने त्याचा ताबा घ्यावा, पालकांना कळवावे व प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे. 2016 च्या नियमांप्रमाणे बेड्या घालू नयेत, कबुलीसाठी दडपण आणू नये व कोणत्याही जबाबावर मुलाची सही घेऊ नये. वयासाठी शाळेचा दाखला वा बोर्डाचे प्रमाणपत्र आणि ते नसल्यास नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहिला जातो. बाप्तिस्म्याचा दाखला त्या यादीत नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. मुलाच्या हाती दारू देणाऱ्यास मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अठरा पुरी झालेला तरुण कायद्याने प्रौढ आहे. त्याला अटक झाली तर अटकेचे कारण सांगितले पाहिजे, नातेवाइकास कळविले पाहिजे व वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे. त्याच्याकडून स्वतःविरुद्ध साक्ष जबरीने घेता येत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्याच्या जबाबावर सही घेता येत नाही आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. आपल्याकडे ठाण्यातील कागद बहुधा कानडीत असतात. ज्यावर सही लागते असा कागद मराठीत समजावून घ्यावा, मगच सही करावी. असे विनयाने म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तीस वकील फुकट मिळतो. मुलांना तर उत्पन्नाची अटही नाही.

हे हक्क मागणे भक्तिमान माणसास शोभते काय? पौलाची आठवण करा. यरुशलेमेत त्याला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा चौकशीवाचून रोमी नागरिकास मारणे कायदेशीर आहे काय, असे त्याने शताधिपतीस विचारले. त्याने कोणास लाच दिली नाही, की असत्य सांगितले नाही.

हक्क सत्याला दडपणापासून जपतो. वशिला सत्यच पुसून टाकतो. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मरण पावले. सतरा वर्षांचा मुलगा मद्य पिऊन मोटार चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याचा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना व आईवडिलांनाही अटक झाली. निवाडा न्यायालय करील. पण मुलाला परिणामांपासून वाचविण्याचा मोह आईबापांना कोठवर नेऊ शकतो, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

तेव्हा मुलाला दोन्ही गोष्टी शिकवू या. पोलिसांपुढे गप्प राहण्याचा त्याला हक्क आहे. घरी आईबापांपुढे मात्र त्याने खरे बोलावे. आईबापांनीही ते खरे न मारता, न ओरडता ऐकून घ्यावे, नाहीतर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही.

शेवटी मंडळीविषयी. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. आपल्यात मात्र प्रार्थनेची विनंती म्हणून नाव सभेत सांगितले जाते आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर होते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे टाळावे. पुढच्या रविवारी तो मुलगा वर्गाच्या दारात आला, तर त्याची नेहमीची जागा त्याच्यासाठी मोकळी असावी.