पोफरणची वाट

तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. चौथी भट्टी २००५ मध्ये सुरू झाली, तिसरी २००६ मध्ये. उठलेल्या माणसांत पोफरणची एक आजी होती. पुनर्वसनाच्या घरात तिनं संसार पुन्हा मांडला, नातवंडं वाढवली.

पुढे तिला विसर पडू लागला. जेवून तास होत नाही तो म्हणायची, "मला कुणी वाढलंच नाही." नातवाला मुलाच्या नावानं हाक मारायची. आणि दिवस कलला की दाराकडं निघायची. "घरी जाते. बोंबील वाळत घातलेत."

मुलगा बोईसरच्या एमआयडीसीत कामाला. पाळी संपवून दमून आला की समजवायचा, "आई, आपलं गाव आता नाही गं." दर वेळी आजीला ते नव्यानं कळायचं आणि ती नव्यानं रडायची. शेजारी म्हणायचे, "साठी बुद्धी नाठी, चालायचंच." अखेर त्यानं दाराला बाहेरून कडी घातली. आजीनं जेवण टाकलं.

सुनेला बघवेना. ती तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, "हे नुसतं म्हातारपण नाही. बी-१२ कमी झालं, थायरॉईड बिघडलं किंवा मन फार खचलं, तरी विसर पडतो. त्यावर उपचार आहेत, म्हणून आधी ते तपासू." रक्तात बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. पण स्मृतिभ्रंशही होताच. "तो पुरता बरा होत नाही. यात ताजं आधी पुसलं जातं, जुनं उशिरापर्यंत टिकतं. त्यांच्यासाठी पोफरण अजून आहे. तिथून त्यांना ओढून काढू नका."

दुसऱ्या संध्याकाळी आजी उठली तशी सूनही उठली. "चला आई, मीही येते. यंदा बोंबील कसे आहेत?" आजी बोलत राहिली, किनाऱ्याचं, सासूचं, पहिल्या बाळंतपणाचं. गल्ली संपली तेव्हा सून म्हणाली, "आज पाऊस नाही, बोंबील राहू देत." आजी मुकाट्यानं मागे वळली.

मुलानं कडी काढून टाकली. आईच्या पिशवीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. सांभाळून थकलेल्या बायकोसाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहिला आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी स्वतः आईबरोबर चालू लागला. आजीचा विसर राहिला, रडणं मात्र कमी झालं.

तात्पर्य : विसर पडू लागला तर तो वयावर ढकलू नये, वेळीच तपासावं. आणि विसरलेल्या माणसाशी खऱ्याखोट्याचा वाद घालू नये, त्याला सोबत द्यावी.