पायलीवरील शिक्का

पूर्वी आपल्या गावी धान्य तोलीत नसत, मापीत असत. चार शेरांची एक पायली होई. परंतु शेर गावोगावी निराळा असे, व त्यात गरिबाचे नुकसान होई. यास्तव मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. व्यापाऱ्याचे माप सरकारी प्रमाणाशी ताडून त्यावर शिक्का मारावा असे ठरले. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी पायलीचा धडा संपला नाही.

हा न्याय नवा नव्हे. घरात एक मोठा व एक लहान असे दोन एफा ठेवू नयेत, असे मोशेने इस्राएलास बजाविले (अनुवाद २५). एफा लहान करून दीनांस नाडणाऱ्यांचा आमोसाने निषेध केला.

तथापि शिक्का मापावर असतो, हातावर नसतो. मजुरास देताना पायली सपाट भरावी, आणि उसने धान्य परत घेताना तीच शिगोशीग भरून घ्यावी, तर माप खरे असूनही मापणारा खोटाच. हा दोष तपासनिसास दिसत नाही, देवास दिसतो. म्हणून आपण ज्या मापाने घेतो त्याच मापाने देऊ. आणि शीग द्यावयाचीच तर ती दुर्बळाच्या पदरी घालू.