नाच आणि अब्रू

आमच्या शाळेच्या सभागृहात गेली चार वर्षे संध्याकाळी नाचाचा वर्ग भरतो. बाहेर ‘सर्व वयांसाठी’ अशी पाटी आहे, आणि ती पाटी खोटी नाही. पहिली-दुसरीतली मुले येतात, कॉलेजातल्या मुली येतात, घरचे आवरून धापा टाकीत गृहिणी येतात, तलाठी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात आणि बहात्तर वर्षांच्या एक आजी येतात. श्रावणाच्या आधी मंगळागौरीचे खेळ शिकवले जातात, नवरात्राच्या आधी गरबा, आणि एरवी लेझीम किंवा सिनेमातली गाणी. मला स्वतःला नाचता येत नाही. सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी कोपऱ्यात वह्या तपासत बसतो. परंतु समोर तीस जोडी पाय हलू लागले म्हणजे शुद्धलेखनाच्या चुकांत मन रमत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

तलाठीबुवांचे मला विशेष कौतुक वाटे. पहिला महिनाभर त्यांचे हात त्यांचे नव्हतेच. कोणी तरी बाहेरून आणून खांद्याला टाके घालून शिवले असावेत, तसे ते लोंबत. वास्तविक त्यांनी लहानपणी शाळेत लेझीम खेळली होती. ‘चार आवाज’, ‘आदि लगाव’, ‘पवित्रा’ हे हुकूम त्यांना तोंडपाठ होते. शरीर मात्र सगळे विसरले होते. पुढे एके दिवशी ‘आगे फलांग’ म्हणताच ते खरोखरच पुढे झेपावले, आणि मग स्वतःच इतके दचकले की लेझीम छातीशी धरून हसत उभे राहिले. चाळीस वर्षे सातबारे लिहिणाऱ्या माणसाच्या अंगात ही झेप कोठे दडून बसली होती, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

म्हाताऱ्यांनी नाचावे की नाही, असा एक वाद गावात सुरुवातीला झाला. त्यात मला काही तथ्य दिसले नाही. पंढरीच्या वाटेवर सत्तरी ओलांडलेले वारकरी फुगड्या घालतात, पावल्या खेळतात आणि त्यांना कोणी वय विचारीत नाही. डहाणू-जव्हारकडे वारली लोक तारपा वाजवणाराभोवती फेर धरतात; वारली चित्रांत तो फेर पुन्हा पुन्हा काढलेला आढळतो. त्या चित्रांत तारपेवाला असतो, नाचणारे असतात, पण समोर ओळीने बसून पाहणारे प्रेक्षक नसतात. नाचणे हा वयाचा प्रश्नच नव्हे.

प्रश्न तो कोणाचा, हा आहे. वारकऱ्याचे नाचणे आपण भक्ती म्हणून मानले आणि वारल्याचे नाचणे रानातले म्हणून दूर ठेवले. आमच्यासारख्या पांढरपेशा म्हणवणाऱ्या घरांत मात्र नाच उरला तो एवढाच : मंगळागौरीची एक रात्र, दारे लावून, बायकाबायकांत. झिम्मा, पिंगा, फुगडी, कोंबडा, काय हवे ते खेळा. पण सकाळी पदर सावरून चूल पेटवा. पुरुषांना तेवढेही नाही. त्यांना नाच करावयाचा नसतो, पाहावयाचा असतो, आणि तो घरी पाहावयाचा नसतो. ह्या एका वाक्यात आमच्या समाजाचा केवढा इतिहास आहे, हे मला मागल्या वर्षापर्यंत नीटसे उमगले नव्हते.

मागल्या वर्षी वर्गातल्या बायकांनी हट्ट धरला की दहा दिवसांचे लावणीचे शिबिर घ्यावे. समितीने आनंदाने मान्य केले. शिकवावयास कोण, असे निघाले तेव्हा शाळेच्या शिपायाने सांगितले की, शेजारच्या गावी एक बाई राहतात. संगीत बारीत तीस वर्षे नाचल्या, आता गुडघे धरल्यामुळे घरीच असतात. चौकशी करण्याचे काम माझ्याकडे आले. रविवारी एस.टी.ने गेलो. पत्र्याचे दोन खोल्यांचे घर, दारात तुळस, भिंतीवर यमुनाबाई वाईकरांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो. बाईंनी चहा दिला आणि कामाचेच विचारले.

“बसून शिकवायची का उभ्यानं, गुरुजी?”

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे, सतरंजीवर बसल्या बसल्या, बैठकीची लावणी म्हणजे काय ते दाखवले. शब्द एकच होता. तो त्यांनी चार वेळा म्हटला, आणि चारही वेळा नुसती मान, भुवई आणि मनगट ह्यांच्या बळावर त्याचा अर्थ बदलला : एकदा तो आर्जव होता, एकदा टोमणा, एकदा रुसवा, चौथ्या वेळी जे होते त्याला मला नाव देता येत नाही. पंचवीस वर्षे मी मुलांना कविता शिकवतो आहे. एका शब्दात एवढी जागा असते, हे मला त्या दिवशी दिसले.

पैशांचे बोलणे झाले. त्यांनी फार मागितले नाहीत. निघताना मात्र त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, “तिथं दौलतजादा न्हाई ना करायचा कुणी? मंग येते.”

समितीची बैठक बुधवारी झाली. मी कार्यवृत्त लिहीत होतो. बाईंचे नाव वाचताच शांतता पसरली. मग एका सभासदांनी, आणि हे गृहस्थ खरोखरच सज्जन आहेत, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरणारे आहेत, अतिशय सौम्य शब्दांत सांगितले : लावणीला आमची हरकत नाही, लावणी ही महाराष्ट्राची शान आहे, परंतु मुलींच्या आयांना आपण काय सांगणार? वर्गाला नाव येईल. बाई चांगल्या असतील, नसतील, तो प्रश्न नाही. दुसऱ्यांनी तोडगा काढला. शहरात एक तरुण शिक्षिका आहे, पदवीधर आहे, चित्रफिती पाहून बसवते, तिला बोलवावे. सगळ्यांना हायसे वाटले. मलाही वाटले, हे लपवून काय उपयोग? मी वहीत लिहिले : ‘सदर विषय पुढील बैठकीत विचारार्थ ठेवावा.’ कोणाचे मन मोडू नये म्हणून मराठीत जी वाक्ये घडवली गेली आहेत, त्यांपैकी हे एक आहे.

शिबिर उत्तम झाले. स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेल्या बायका अशा काही नाचल्या की टाळ्या थांबेनात. शिक्षिकेने मेहनत घेतली होती, तिला दोष देण्याचे कारण नाही. मग वाईट काय झाले?

मी ह्या प्रश्नाकडे आधी वकिली नजरेने पाहिले. कला ही कोणाच्या मालकीची नसते. लावणी अमक्या जातीनेच नाचावी, शिकवावी असे म्हणणे म्हणजे त्या जातीच्या पायातली बेडी पुन्हा ठोकून घट्ट करणे होय. किशोर शांताबाई काळे ह्यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. ते ज्याने वाचले असेल त्याला ‘परंपरा’ हा शब्द उच्चारताना जीभ अडखळेल. जिने नाचावयाचे तिचे लग्न व्हावयाचे नाही, घरातले कर्ते पुरुष तिच्या मिळकतीवर बसून खावयाचे, आणि लेकराला बापाचे नाव मिळावयाचे नाही. अशा घरातली मुलगी घुंगरू ठेवून शाळेत आली तर माझ्याइतका आनंद दुसऱ्या कोणाला होईल? तेव्हा सर्वांनी लावणी शिकावी ह्यात वावगे काहीच नाही. मग समितीचा निर्णयही बरोबरच, असे मी मनाला समजावले.

पण मन समजेना. कारण आम्ही त्या बाईंना जातीतून मोकळे करण्यासाठी नाकारले नव्हते. आम्ही त्यांच्याजवळचे घेतले आणि त्यांना दाराबाहेर ठेवले. हे आमच्याच गावाने प्रथम केले असेही नाही. भरतनाट्याची गोष्ट पाहा. देवदासींच्या घराण्यांनी जतन केलेला तो नाच १९३०च्या दशकात प्रतिष्ठित घरांतल्या मुली शिकू लागल्या. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै ह्यांच्याकडे धडे घेतले, आणि १९३६ साली कलाक्षेत्र उभे राहिले. त्यातून मोठे काम झाले, ह्यात शंका नाही. परंतु शिकवणारे पुरुष गुरू म्हणून नव्या घरात आले, आणि ज्या बायकांच्या अंगात तो नाच पिढ्यान्‌पिढ्या राहत होता त्यांतल्या बहुतेक उंबऱ्याबाहेर राहिल्या. त्या कलेचा मराठी माणसाशीही ऋणानुबंध आहे. तंजावरच्या सरफोजी राजांनी नाचासाठी मराठीत निरूपणे रचली, आणि त्यांच्या पदरी असलेल्या चौघा भावांनी आजच्या भरतनाट्याचा क्रम बांधून दिला. नाचणारणीला राजाश्रय देणारे आपण, तिला आश्रित ठेवणारेही आपणच.

इकडे स्वातंत्र्य मिळाल्यावर लगोलग मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि मग सुधारणेच्या अटी घालून ती उठवली. पुढे २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद करणारा कायदा केला. त्यात तीन तारे आणि त्याहून वरची हॉटेले वगळली होती! तोच नाच, तेच मद्य; बिल मोठे झाले की नीती सुरक्षित. २००६ साली उच्च न्यायालयाने हा भेदभाव पाहून कायदा रद्द केला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बारमधल्या जगात जे शोषण होते त्याचे समर्थन मी करीत नाही. मी एवढेच म्हणतो की, आपण कलंक नाचाला लावीत नाही, शोषणालाही लावीत नाही. जी पोटासाठी नाचते तिला लावतो. बरे, पोटासाठी करणे हे हीन म्हणावे, तर मी पगार घेऊन कविता शिकवतो. मी कोणत्या तोंडाने बोलू?

बाईंत आणि आमच्या वर्गातल्या बायकांत खरा फरक निराळाच आहे. आमच्या बायकांना नाच नकोसा झाला की त्या थांबू शकतात. गुडघा दुखला, सासूबाई आल्या, कंटाळा आला, तर फी गेली एवढेच. बाईंना तीस वर्षांत हे ‘नको’ म्हणता आले नाही. विठाबाई नारायणगावकर प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत आपण कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो. त्या रात्री त्यांना ‘नको’ म्हणता आले असते काय, हे आपण विचारीत नाही. थांबण्याचे स्वातंत्र्य ही आमच्या वर्गातली सर्वांत मोठी चैन आहे आणि ती आम्हाला फुकट मिळाली आहे, असे आम्ही समजतो.

ती फुकट नव्हती, हे मला आजींनी सांगितले. स्नेहसंमेलनानंतर सभागृहाला कुलूप लावीत होतो, तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. “मास्तर, त्या बाई का नाही आल्या?” त्यांनी विचारले. मी वेळेची, गुडघ्यांची, काहीबाही सबब सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “आमचे हे बारीला जायचे. दर बाजाराला. मी जेवण झाकून जागी राहायची. मंगळागौरीला मी नाचलेलं ह्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, कुलीन बायकांचे पाय दिसू नयेत. मी आयुष्यभर विचार करत आले, तिथं असं काय होतं? ते बघायला मी नाव घातलं होतं.”

एका घरातल्या दोन खोल्या असाव्यात तशा त्या दोन बायका मला त्या रात्री दिसल्या. एकीचे पाय बांधून ठेवावयाचे, म्हणजे ती दुसरीसारखी नाही हे सिद्ध व्हावे. दुसरीचे पाय थांबू द्यावयाचे नाहीत, म्हणजे पहिलीच्या धन्याची संध्याकाळ सुखाची व्हावी. अब्रू आणि बेअब्रू ह्या वस्तू एकाच पेढीवर तोलल्या जात होत्या, आणि तागडी धरणारा कधी नाचत नव्हता. आता पहिलीचे पाय मोकळे झाले आहेत. फार चांगले झाले. परंतु मोकळे होताच तिनेही तीच जुनी तागडी उचलून दुसरीला तोलावे, ह्याला मुक्ती म्हणावे काय? आणि तिच्या वतीने ती तागडी आम्ही पुरुषांनी बुधवारी संध्याकाळी धरली होती, तीही सौम्य शब्दांत.

बाईंना नकार कळवावयास मी स्वतः गेलो, पत्र पाठवले नाही. एवढेच माझे पुण्य. त्या रागावल्या नाहीत. “मला ठावं हुतं,” म्हणाल्या आणि चहा ठेवला. त्यांचे हे न रागावणे मला रागाहून जड गेले.

गेल्या आषाढापासून आजी दर गुरुवारी दुपारच्या एस.टी.ने त्या गावी जातात. बरोबर वर्गातल्या आणखी दोघी असतात. आजींचेही गुडघे गेलेले, त्यामुळे शिकणारी आणि शिकवणारी दोघी सतरंजीवर समोरासमोर बसतात. तीन महिन्यांत एकच ओळ झाली, असे आजी तक्रारीच्या सुरात सांगतात. एका मैत्रिणीच्या सुनेला हे आवडत नाही म्हणून ती देवळात जाते असे सांगून निघते. समितीच्या वहीत विषय अजून ‘विचारार्थ’च आहे. पुढील बैठक तुळशीच्या लग्नानंतर ठेवली आहे. त्या दिवशी कार्यवृत्त दुसऱ्या कोणी तरी लिहावे, मला बोलावयाचे आहे, असे मी अध्यक्षांना कळवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.